भिंतीवरची लाली

नव्या गेमसाठी मुलीची खोली हवी होती, म्हणून तिने आपल्या लेकीचीच खोली संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब उभी केली होती. पांढऱ्या भिंती, पांढरी चादर, राखाडी पडदे. पाथ ट्रेसिंग सुरू करताच पलंगामागच्या भिंतीवर फिकट लाली उमटली.

"ताई, तुमच्या भिंतीला गोवर आलाय!" शेजारचा सहकारी खिदळला.

तिला हसू आले नाही. पाथ ट्रेसिंगच्या तंत्रात प्रकाशाचा किरण ज्या वस्तूवर आदळतो, तिचा रंग घेऊनच पुढे जातो. भिंतीवर लाली पडायची, तर जवळ काहीतरी लाल असलेच पाहिजे. आणि त्या खोलीत लाल असे काहीही नव्हते.

तिने एकेक करून सगळे सामान काढले. पलंग तेवढा उरला. लाली मात्र हटली नाही. ती भिंतीवरून उतरली आणि सावकाश उशीकडे सरकू लागली.

तिने घरी फोन लावला. शाळेला सुट्टी असल्याने लेक घरी एकटीच होती.

"काय गं आई? पलंगावर लोळतेय मस्त."

"बाळा, खोलीत लाल काही आहे का गं?"

"काहीच नाही. वेडी आहेस का तू?" लेक हसली आणि हसता हसता थांबली. "आई, माझ्या हातावर ही लाली कसली पडलीय?"