कोरडी फरशी

आमच्या औषधांच्या गोदामात पहिल्यांदाच कोरडा बर्फ आला होता. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर खोकं उघडलं, तर आत काहीच नाही.

"बर्फाला पाय फुटले वाटतं! वितळला असता तर पाणी दिसलं असतं. फरशी बघा, ठणठणीत कोरडी," मॅनेजर कडाडले. किल्ल्या दोघांकडेच होत्या, म्हाताऱ्या शिपाईकाकांकडे आणि झाडलोट करणाऱ्या त्यांच्या मुलीकडे.

काकांनी मान खाली घातली. "मीच नेला, साहेब. चुकलो." तीस वर्षांची नोकरी उभ्या उभ्या गेली.

दुपारी बर्फवाल्या गाडीच्या ड्रायव्हरनं हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, याचं पाणी होतच नाही. हा सरळ हवा होऊन उडून जातो!"

मॅनेजर तसेच मला घेऊन काकांच्या घरी गेले. मुलीनं पाणी आणलं.

"काका, माफ करा, उद्या कामावर या. पण न केलेली चोरी कबूल कशाला केलीत?"

काकांचा जीव भांड्यात पडला होता. भरात बोलून गेले, "पोरीचं नाव बाहेर येऊ नये, म्हणून."


मुलगी तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली. "म्हणजे बाबा, तुम्हालाही मीच चोर वाटले?"