कुत्रा वाचला

माझी बायको लीला गेली त्या दिवशी लासूरहून सगळी भावकी आली. कॅनडातला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही, निघता येत नाही. अन् सान्वीला सांगू नका, घाबरंल ती."

"तुझी आई गेलीय रे," म्हणालो आणि फोन आपटला.

माझ्या या नातीला मराठी येत नाही. तिच्यासाठी लीला मोबाईलवर बातम्या वाचून इंग्रजी शिकायची. मांजर झाडावर अडकलं, कुत्र्यानं मोजा गिळला, माणसं पालीला भितात, असल्या बातम्या.

सान्वी अजून फोनवर "आजी, आजी" करते आणि तिचा बाप विषय बदलतो. म्हणून आता मीच त्या बातम्या वाचतो. मांजर उतरलं, कुत्रा वाचला, एवढं मला इंग्रजीत सांगता येतं.

 

आजी गेली, हे अजून सांगता येत नाही.