चंद्रांची ऊब

तिसरा चंद्र पडद्यावर आला तरी भरतचं लक्ष सभेतल्या दुधाच्या किटल्यांवरच होतं. अवकाशातल्या इन्फ्रारेड दुर्बिणीवर काम करणारा माणूस, पण येडगावच्या शाळेत बोलायला उभा राहिला आणि समोरच्या माणसांना बिचकला. आदल्या आठवड्यात ओतूरला त्याच्या भाषणात डेअरीला दूध घालायची वेळ झाली, तशी निम्मी सभा किटल्या उचलून चालती झाली होती. आज तर पुढच्याच सतरंजीवर त्याचे वडील, भगवंतआबा. पोरगा अमेरिकेत काय करतो असं कोणी विचारलं, की आबा ‘बसून असतो’ एवढंच सांगायचे. आजचीही सभा उठली, तर ते उत्तर कायमचं ठरणार होतं.

अंधारासाठी खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. प्रोजेक्टरची वायर बाहेरून आत घेतल्यामुळे पडद्याशेजारचं, उसाकडचं दार तेवढं उघडं होतं.

“शनीचे चंद्र बर्फाहून थंड,” भरत सांगत होता, “तरी त्यांना थोडी ऊब असते. आपल्याला ती दिसत नाही, या दुर्बिणीला दिसते. पृथ्वीची ऊब मधे येऊ नये म्हणून तिला वर अवकाशात ठेवलंय.”

कुजबुज थांबली. एकदम.

भरत धसकला. आता उठणार. पण कोणी उठेना. डेअरीची वेळ टळली, तरी किटलीला कोणी हात लावेना. पोरानं मधे बोलू नये म्हणून चिमाबाईनं नातवाचं तोंड दाबून धरलं होतं. कीर्तनातही पेंगणारा हौशीराम डोळे ताणून बघत होता. भरतनं पुढचं चित्र मागितलं, तर प्रोजेक्टरवरच्या सयाजीचा हातच हलेना, इतका तो रंगला होता. मग भरत त्याच चंद्राबद्दल बोलत राहिला, हळू, अंगाई म्हटल्यासारखा.

पाणी प्यायला तो थांबला.

“थांबू नको,” आबा ओठ न हलवता म्हणाले. “आणिक किती चंद्र हैत?”

दुर्बिणीबद्दल आबांनी आयुष्यात विचारलेला हा पहिला प्रश्न. भरतचे डोळे भरून आले. अजून पुष्कळ आहेत, म्हणत तो नेपच्यूनकडे वळला. उकाडा फार होता; आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

“लई ग्वाड बोलतोस,” ते पुटपुटले. “आसंच बोलत बोलत माज्याकडं सरक. मागं बघू नको. चंद्राखाली बिबट्या बसलाय.”