वेशीवरचा जाळ

“गोलात उभं राहायची लायकी नाही या पोराची. जर्सी उतरवून घरी बसावं त्यानं!” आयर्लंडच्या हौशी, बिनपगारी गेलिक फुटबॉलच्या मॅचनंतर टीव्हीवर हरलेल्या गोलकीपरला असं झोडपून माजी खेळाडू फिनबार आईकडे चहाला आला.

“बघितलंस का मला?”

“बघितलं. तू खेळायचास तेव्हा फायनलला पेनल्टी घालवून आला होतास, आठवतं?”

फिनबार हसला. “न आठवायला काय झालं? स्वागताला वेशीवर जाळ पेटवून अख्खा गाव वाट बघत होता. जेरोमकाकांनी मला खांद्यावर घेतलं. पेनल्टीबद्दल चकार शब्द काढला नाही कुणी.”

“जेरोमच्या लेकीचा मुलगा आहे तो गोलकीपर. उद्या सकाळी सुतारकामाला जायचंय त्याला.”

फिनबारनं कप खाली ठेवला. आई पुढे म्हणाली,

“मगाशी जेरोमचा फोन आला होता. म्हणाला, आपला फिनबार टीव्हीवर काय रुबाबदार दिसतो!”