टिटवीकडे पाठ

"ताई, तो कन्व्हर्टर फेकून द्या. निम्मा उजेड खातो. माझ्यासारखी झूम लेन्स घ्या!" पक्षी-छायाचित्रण क्लब चालवणाऱ्या भामरे सरांनी भर माळावर साऱ्या सभासदांसमोर सुनावलं.

वत्सलाताईंनी आपल्या जुन्या लेन्सला दूरचं जवळ आणणारा तो कन्व्हर्टर जोडला. साठ पावलांवर, तापलेल्या खड्यांत टिटवी अंड्यांवर बसली होती. चौकटीत ती जरा अंधुक दिसत होती, पण ताईंना तेवढं पुरे होतं.

सरांना मात्र तिचा डोळा टिपायचा होता. कॅमेरा उचलून ते सरळ घरट्याकडे निघाले. टिटवी किंचाळत उडाली. अंडी उन्हात उघडी पडली.

ताई फोटो सोडून धावल्या आणि हात पसरून सरांच्या लेन्सपुढे उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा, फ्रेम अडवताय!"

"अडवणारच. जवळच जायचं होतं, तर ही तोफ कशाला आणलीत? अंडी शिजतायत तिकडे. चला मागे."

"क्लबमधून नाव काढीन तुमचं."

"खुशाल काढा."

ताई पुढे येत गेल्या, सर पुटपुटत मागे हटत गेले. गाडीपाशी पोचेपर्यंत ताईंच्या पाठीमागचा टिटवीचा आकांत थांबला. टिटवी पुन्हा अंड्यांवर बसली होती.

ताईंनी मागे वळून तेही पाहिलं नाही. सरांवरची नजर त्यांनी अजून हटवली नव्हती.