बाईसाहेबची सोबत

मागच्या फाटकाशी गाडी उलटी लावलेली दिसली आणि आजोबा तसेच तिकडे निघाले. पुढच्या फाटकाने दूध जायचं, अंडी जायची, गिऱ्हाईक यायचं. खाटकाकडे जनावर जायचं ते मागच्या.

"आज कोण?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलगा गाडीच्या फळीवर पेंढा पसरत होता. "चहा झाला का तुमचा?" तो म्हणाला.

आजोबांना उत्तर मिळालं. गाडीजवळच्या खुंटाला एकच जनावर बांधलं होतं, आणि ती बाईसाहेब होती.

बाईसाहेब ही फार्मवरची सगळ्यात जुनी गाय. कुठल्याही फाटकातून आधी ती जाणार, मग बाकीच्यांनी जायचं, म्हणून हे नाव. दूध आटून वर्षं झाली होती, तरी तिचा रुबाब कमी झाला नव्हता. तिला एक कामही होतं. जाणाऱ्या जनावरासोबत ती गाडीत चढायची. ती शांत, म्हणून तेही शांत. तिकडे पोचलं की ते उतरायचं आणि बाईसाहेब घरी परत यायची.

ही पद्धत आजोबांनीच घालून दिलेली. इथली गुरं कुरणातल्या गवतावर वाढायची. कारखान्यातलं खाद्य नाही, वजन वाढवायची इंजेक्शनं नाहीत. ज्याला जन्मभर असं जपलं त्याला शेवटच्या दिवशी घाबरवायचं, हा कुठला न्याय, असं ते म्हणायचे. नियम साधे होते. काही दिवस आधीपासून त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. आवडीचं खायला घालायचं. अंग साफसूफ करायचं. ओळखीच्या वासाचं काहीतरी गाडीत ठेवायचं. आणि काहीही झालं तरी त्याला कळू द्यायचं नाही.

आता जन्मभर सोबत केलेल्या गायीसोबत कोण चढणार, हे कोणाच्या डोक्यातही आलेलं दिसत नव्हतं.

तिला का धाडताहेत, ते आजोबांना माहीत होतं. मागे एकदा फाटक उघडं राहिलं, गुरं हमरस्त्यावर गेली आणि एक कालवड ट्रकखाली आली. "बाईसाहेबने कडी काढली," आजोबांनी लगेच सांगितलं होतं. तरुणपणी ती शिंगाने कडी काढायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा तेव्हा "बरं" म्हणाला आणि फाटक लावायला गेला. सुनेची जीभ एरवी चांगलीच तिखट, पण त्या दिवसापासून तीही मवाळ झाली होती. परवा आजोबांच्या हातून शेगडी पेटती राहिली, तर तिने ती बंद केली आणि नुसती म्हणाली, "असू द्या, बाबा."

आपण उगाच तोंड उघडलं, असं आता त्यांना झालं. मुक्या जनावरावर आळ घातला आणि तिचा निकाल लागला.

"राहू दे रे तिला," ते म्हणाले. "फाटकाला कुलूप लाव. किल्ली मी सांभाळतो."

मुलाचा हात थांबला. "बाबा, जागा चांगली आहे. मी स्वतः बघून आलोय. हिरवळ आहे. दिवसभर कोणीतरी लक्ष द्यायला असतं."

"खाटकाकडे नाही ना?"

"काहीतरीच काय, बाबा!"

मुलगा इतका कळवळून बोलला की आजोबांना हायसं वाटलं.

सून वाटी घेऊन आली. "साय आहे, मध घातलाय. खाऊन घ्या."

आजोबांनी उभ्याउभ्याच वाटी चाटूनपुसून संपवली. न्हाव्याने काल बारीक केलेल्या केसांवरून हात फिरवत ते गाडीत डोकावले. कोपऱ्यात त्यांचं निळं पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं. रोज संध्याकाळी तेच गुंडाळून ते गोठ्यात बाईसाहेबशेजारी बसायचे. गायीचा वास त्याला पक्का बसला होता. पोरं शिकवलेलं विसरली नाहीत. त्यांना भरून आलं.

"मी चढतो तिच्यासोबत," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांना पोचवत आली. तिला नको का कोणी?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"चला," मुलगा म्हणाला. "तुम्ही याल असंच वाटलं होतं."

सुनेने त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायचेत म्हणत ती घाईने निघून गेली. दाणे तिने मघाशीच टाकले होते.

बाईसाहेब फळीवरून एका दमात चढली. मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. आजोबा मागे, पालथ्या घातलेल्या खोक्यावर, तिच्या मानेला टेकून बसले. गाडी वळणं घेत होती. ती रवंथ करत होती आणि ते तिच्या कानाशी बोलत होते.

"खरं सांगू? ती कडी कोणी काढली, मला काही केल्या आठवत नाही गं. तुझं नाव घेतलं. माफ कर मला."

बाईसाहेबने कान हलवला.

गाडी एका ठेंगण्या पिवळ्या इमारतीपुढे थांबली. हिरवळ खरंच होती. गवत एकसारखं कापलेलं होतं आणि शेणाचा मागमूस नव्हता. इथे चरायला सोडत नाहीत की काय, असं आजोबांच्या मनात आलं. पांढरा कोट घातलेली एक तरुणी लगबगीने आली. गुरांची डॉक्टर असावी.

"तिला डाव्या बाजूने हात लावू नका हं," आजोबा फळीवरून उतरता उतरता तिला म्हणाले. "त्या डोळ्याने दिसत नाही. बिथरते."

"नाही लावणार," ती हळू आवाजात म्हणाली. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच चालीने ती चालू लागली.

मागे फळी उचलल्याचा आवाज झाला. आजोबा वळले.

"अरे थांब, थांब! ती आतच राहिली!"

मुलाने मान वर केली नाही. त्याने निळं पांघरूण त्या तरुणीच्या हातात दिलं. बाईसाहेब नेहमीसारखी गाडीतच उभी होती, रवंथ करत.