गाढव पोचलं पाहिजे

चौथ्या फाइलमधलं गाढव तिसऱ्या फाइलमधल्या गाढवापेक्षा बुटकं निघालं. लेकीने त्याला जरा मोठं केलं, दोन्ही तुकडे जोडले आणि चालवून पाहिलं. आता ते एकाच चालीने डोंगर चढत होतं. पाठीवर घराचं दार.

बाबा गेले तेव्हा त्यांची अ‍ॅनिमेशन फिल्म अशी सुट्या फाइलींत पडून होती. पुरात घर गेलेलं गाढव उरलेलं दार पाठीवर टाकून नवं घर शोधायला निघतं, एवढीच गोष्ट. लेकीला चित्राची रेघ ओढता येत नव्हती. पण लग्नाच्या व्हिडिओंची जुळवाजुळव करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोज कामावरून आली की ती बाबांच्या टेबलाशी बसे.

"आई, पुसताना बाबांचा हा चित्रं काढायचा पेन टॅबलेट डावीकडे सरकवू नकोस ना. माउससारखा वापरायला रोज मला उजवीकडे ओढावा लागतो."

"सवय गं," आई म्हणाली.

शेवटच्या वर्षांत बाबांचा हात इतका थरथरे, की चहाचा कप आईला धरावा लागे. चित्रातली रेघ मात्र सुतासारखी सरळ. कामाला बसले की ते खोलीचं दार लावून घेत. चहा घेऊन आत गेलेली आईसुद्धा लवकर बाहेर येत नसे. जिद्द म्हणजे काय ते बाबांकडून शिकावं, असं लेक सगळ्यांना सांगे.

पण शेवटची फाइल नव्हतीच. गाढव शिखरावर पोचे आणि पडदा काळा. लेकीने घरातली एकूण एक डिस्क पालथी घातली.

निर्मात्याचा फोन आला. "उद्या दुपारी फिल्म थिएटरला द्यायचीय. शिखरावरच संपवा, ताई. लोक म्हणतील, काय खोल शेवट आहे!"

"गाढव घरी पोचलं पाहिजे."

"अहो, पण पोचवणार कोण? उद्या दुपारनंतर मी काही थांबू शकत नाही."

आईने सगळं ऐकलं होतं. "सकाळी कामावर जाऊन ये," ती म्हणाली. "इथे बसून नुसती कुढशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक परतली, तर फाइलींच्या रांगेत एक नवी फाइल. तिने ती उघडली. गाढव डोंगर उतरलं, मोकळ्या माळावर थांबलं. पाठीवरचं दार त्याने उभं केलं, नाकाने ढकलून उघडलं आणि चौकटीतून आत गेलं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. पण गाढव घरी पोचलं होतं.

"आई, सापडली! बाबांनी करून ठेवली होती बघ!"

तिने तुकडा जोडला. फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही न अडखळता सरकन पुढे गेली. निर्माता तर फोनवर ओरडलाच. "जिंकलो, ताई! आता फक्त चित्रं कुणाची ते नाव टाका आणि पाठवा."

लेकीने 'चित्रे' असं लिहून खाली बाबांचं नाव टाकलं. अक्षरं तिला धूसर दिसायला लागली.

"थांब जरा," आई मागून म्हणाली. "दाराची सावली राहिलीय. घाई झाली ना."

तिने लेकीला बाजूला सारलं, टॅबलेट डावीकडे ओढला, पेन डाव्या हातात धरलं आणि एका झटक्यात सावलीची कड ओढली. सुतासारखी सरळ.

"हं. आता गोष्टीखाली त्यांचं नाव लिही," ती म्हणाली. "आणि चित्रांखाली माझं."